तो बहादुरशाह नांदेडला आलाच नव्हता! एका नावाची अनेक माणसं कशी ओळखायची?

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

हेडफोन नीट लावा, कारण आजच्या भागाची सुरुवात माफी मागून करायची आहे.

मागच्या भागात आपण १७०८ सालच्या नांदेडबद्दल बोललो. गोदावरीचा काठ, गुरू गोबिंदसिंगजींचा मुक्काम, मुघल बादशहा बहादुरशाहाची दक्षिणेतली स्वारी, सगळं तुम्ही ऐकलंत. भाग अपलोड करताना कव्हरसाठी फोटो हवा होता. मी काय केलं? मोबाईलवर 'बहादुरशाह' टाकलं, पहिला फोटो आला तो उचलला आणि चिकटवला. पांढरी दाढी, थकलेला चेहरा, खोल गेलेले डोळे. म्हटलं, मस्त, जुना वाटतोय.

दोन दिवसांनी नांदेडच्या एका आजोबांचा व्हॉइस मेसेज आला. निवृत्त शिक्षक आहेत. म्हणाले, "बाळा, भाग चांगला झालाय. पण तो फोटो काढ. ज्याचा फोटो लावलायस तो माणूस १७०८ ला जन्मलासुद्धा नव्हता. अन् जो नांदेडला आला होता, त्याचा फोटो असायचा कसा? कॅमेरा कुठं होता तेव्हा?"

खरं सांगतो, कान लाल झाले. कारण आजोबांचं शंभर टक्के बरोबर होतं.

फोटोग्राफीचं तंत्र जगासमोर आलं १८३९ साली. मी लावलेला फोटो होता बहादुरशाह जफरचा, १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांच्या कैदेत असताना काढलेला. म्हणजे आपल्या गोष्टीनंतर दीडशे वर्षांनी. फोटो मी बदललाय. पण ही चूक माझी एकट्याची नाही. अशा चुका रोज फॉरवर्ड होतात, परीक्षेत मार्क घालवतात, कधीकधी एखाद्या माणसाचं आयुष्यभराचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा करतात. म्हणून आजचा विषय हाच: एकाच नावाची माणसं इतिहासात ओळखायची कशी? उदाहरणं लांबून आणायची गरज नाही. नांदेड आणि लातूरमध्येच ढिगानं आहेत.

आधी तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडा

गंमत म्हणजे ही विद्या तुम्हाला येते. तुमच्या फोनमध्ये 'गणेश' किती आहेत? 'गणेश अहमदपूर', 'गणेश क्लास', 'गणेश मोबाईल शॉपी', 'गणेश दाजी'. एक गावावरून ओळखला, एक काळावरून, म्हणजे क्लासला होतो तेव्हाचा, एक धंद्यावरून आणि एक नात्यावरून. बस्स. इतिहासकार हेच करतात, फक्त त्यांच्याकडं फोनऐवजी ताम्रपट आणि पोथ्या असतात.

पहिला प्रश्न: हे नाव आहे की पदवी?

बहादुरशाह घ्या. निदान तीन माहीत असायला हवेत.

एक, गुजरातचा सुलतान बहादुरशाह. राज्य १५२६ ते १५३७. पोर्तुगीजांच्या भेटीला गेला आणि दीवजवळ समुद्रात बुडून मेला.

दोन, मुघल बादशहा बहादुरशाह पहिला. औरंगजेबाचा मुलगा. १७०७ ला गादीवर आला, १७१२ ला लाहोरला वारला. आपल्या गोष्टीतला हाच. त्याचा भाऊ कामबख्श दक्षिणेत स्वतंत्र होऊन बसला होता, त्याला हटवायला हा निघाला. याच प्रवासात गुरू गोबिंदसिंगजी त्याच्या छावणीसोबत दक्षिणेत आले आणि नांदेडला थांबले. ७ ऑक्टोबर १७०८ ला नांदेडलाच ते ज्योतिज्योत समावले. बादशहा पुढं गेला, आणि जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबख्शाचा पराभव झाला.

तीन, बहादुरशाह जफर. शेवटचा मुघल बादशहा, गादीवर १८३७ ते १८५७. उत्तम उर्दू शायर. उठावानंतर इंग्रजांनी त्याला रंगूनला पाठवलं, तिथंच ७ नोव्हेंबर १८६२ ला तो गेला.

आता मजा बघा. 'बहादुरशाह' हे या मुघलांचं जन्माचं नाव नाहीच. नांदेडवाल्याचं नाव मुअज्जम. गादीवर बसल्यावर त्यानं बहादुरशाह ही पदवी घेतली. त्याला शाह आलमसुद्धा म्हणायचे, म्हणजे दुसऱ्या घोटाळ्याची तयारी! कारण पुढं शाह आलम दुसरा झाला, ज्यानं १७६५ ला अलाहाबादच्या तहात बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. आणि 'जफर' हे शायर म्हणून घेतलेलं टोपणनाव.

नांदेडच्या त्याच गोष्टीत आणखी दोन 'बहादुर' आहेत. गुरू गोबिंदसिंगजींचे वडील गुरू तेगबहादुरजी, ज्यांचा १६७५ ला दिल्लीत औरंगजेबाच्या हुकमानं शिरच्छेद झाला. त्यांचं आधीचं नाव त्यागमल. आणि दुसरे बंदासिंग बहादुर. ते नांदेडला गोदाकाठी मठ करून राहणारे माधोदास बैरागी. गुरूंना भेटले, त्यांचे शिष्य झाले आणि पंजाबात जाऊन मुघल सत्तेशी लढले. १७१६ ला दिल्लीत त्यांना मारण्यात आलं.

म्हणजे कुणी नुसतं म्हणालं की "बहादुरनं मुघलांशी लढा दिला", तर विचारा, कोणता? एक बहादुर मुघलांशी लढला, एक मुघलांच्या हुकमानं शहीद झाला, आणि एक स्वतःच मुघल बादशहा होता. पदवी बाजूला काढा, आधीचं नाव शोधा. मुअज्जम, त्यागमल, माधोदास. अर्धा गुंता तिथंच सुटतो.

दुसरा प्रश्न: कुणाचा मुलगा, कोणतं साल?

पण मूळ नावच सारखं असेल तर? त्यासाठी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला जाऊ या. तिथला भुईकोट किल्ला बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. या किल्ल्याची सुरुवात राष्ट्रकूट राजा कृष्णाशी जोडली जाते.

कोणता कृष्ण? राष्ट्रकूटांमध्ये तीन झाले.

थोडं मागं जातो. राष्ट्रकूट घराणं स्वतःला अभिमानानं 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचं, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजेच आपलं लातूर, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढं त्यांची राजधानी मान्यखेट झाली, आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड.

या घराण्यात नावं मोजकी आणि राजे जास्त. कृष्ण तीन, गोविंद चार, अमोघवर्ष तीन. कारण आपल्याच घरासारखं: पूर्वजांचं नाव पोराला. तिसरा कृष्ण हा दुसऱ्या कृष्णाचा पणतू होता.

पहिल्या कृष्णाचा काळ साधारण इ.स. ७५६ ते ७७४. वेरूळचं कैलास मंदिर याच्या काळातलं. तिसऱ्याचा काळ ९३९ ते ९६७. यानं दक्षिणेत तक्कोलमच्या लढाईत, ९४९ साली, चोळांचा पराभव केला. कंधारचं नाव जोडलं जातं ते या तिसऱ्याशी. दोघांमध्ये अंतर किती? जवळपास पावणेदोनशे वर्षं. पेशवाई १८१८ ला संपली, तिथपासून आपल्या आजोबांच्या म्हातारपणापर्यंतचा काळ मोजा, तेवढं. आणि आपण रीलमध्ये बिनधास्त म्हणतो, "वेरूळ बांधणाऱ्या कृष्णानं कंधारचा किल्लाही बांधला."

तुम्ही म्हणाल, पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर आहेत की! नंबर आहेत, पण ते आपण दिलेत. राजे स्वतःला 'कृष्ण तिसरा' म्हणवत नव्हते. त्याला कुठं माहीत असणार की शाळेच्या पुस्तकात त्याचा नंबर तिसरा लागणार! हे आकडे आधुनिक इतिहासकारांनी सोयीसाठी लावले.

मग बिरुदावरून ओळखता येईल? इथं तीही युक्ती फसते. 'अकालवर्ष' हे बिरुद तिन्ही कृष्णांनी लावलंय! अशा वेळी अभ्यासक दोन गोष्टी बघतात. पहिली, लेखात दिलेली वंशावळ. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात बाप, आजा, पणजा अशी यादी असते. तिसऱ्या कृष्णाचा बाप तिसरा अमोघवर्ष, दुसऱ्याचा बाप पहिला अमोघवर्ष. बघा, इथंही बापाचं नाव सारखंच, म्हणून आणखी एक पिढी मागं जावं लागतं. आणि दुसरी गोष्ट, शक संवत. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. लेखावर शक ८७१ असेल तर तो इ.स. ९४९ च्या आसपासचा, म्हणजे कृष्ण तिसराच.

सरकारी फॉर्मवर तुमच्या नावापुढं वडिलांचं नाव आणि जन्मतारीख का मागतात, कळलं? हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटावरही हेच होतं.

तिसरा प्रश्न: मजकूर त्या माणसाच्या काळाचा आहे का?

आता जरा नाजूक विषय. इथं वंशावळ नाही, शक नाही, फक्त कवितेच्या शेवटी एक छोटंसं नाव आहे: 'नामा'.

संत नामदेव, काळ १२७० ते १३५०. त्यांचं गाव म्हणून नरसी ओळखलं जातं, आता हिंगोली जिल्ह्यात. नांदेडशी त्यांचं नातं दुहेरी आहे. एक तर नरसी शेजारच्या जिल्ह्यात. आणि दुसरं, गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. म्हणजे नांदेडच्या सचखंडात जो ग्रंथ गुरू म्हणून विराजमान आहे, त्यात आपल्या मराठवाड्यातल्या या शिंपी समाजातल्या संताची वाणी आहे. अंगावर काटा येतो की नाही?

पण मराठीत आणखी एक नामा होऊन गेला. विष्णुदास नामा. हा सोळाव्या शतकातला, म्हणजे पैठणच्या एकनाथांच्या काळातला. यानं महाभारत मराठी ओवीत आणलं. केवढं मोठं काम! अठरा पर्वांची ती कथा लोकांच्या भाषेत आणायची म्हणजे आयुष्य खर्ची घालणं.

आता अडचण बघा. 'विष्णुदास' म्हणजे विष्णूचा दास. कोणताही वैष्णव स्वतःला तसं म्हणू शकतो, नामदेवसुद्धा. त्यामुळं 'विष्णुदास नामा' ही सही दिसली की ती नामदेवांची नम्र सही की दुसऱ्या कवीचं नाव, हे एका ओळीवरून ठरत नाही. त्यात अभंग शतकानुशतकं तोंडी चालत आले. कीर्तनकारांनी गायले, कुणी वहीत उतरवले, कुणी 'नामा' दिसला की नामदेवांच्या गाथ्यात टाकला. विठ्ठलाला हाक मारणारी ती आरती, जी गणपतीत आणि आषाढीला आपण झांज वाजवत म्हणतो, तिच्या शेवटी हीच सही आहे. म्हणताना आपण कधी थांबून विचारलंय का, हा नामा कोणता?

अभ्यासक इथं मजकूर तपासतात. समजा 'नामा' सहीच्या एखाद्या रचनेत नामदेवांनंतर शंभर वर्षांनी झालेल्या माणसाचा उल्लेख आला, तर ती रचना तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांची कशी असेल? भाषाही बघतात. ज्ञानेश्वरांच्या काळातली मराठी वेगळी, एकनाथांच्या काळातली वेगळी. शब्दांची रूपं बदललेली असतात. तुमच्या आजीचे मेसेज आणि तुमचे मेसेज, नाव न बघता ओळखू येतात ना, तसंच.

इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि आजच्या भागात तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी ही ठेवा. मोठं नाव लहान नावाला गिळतं. घोटाळा दोन्ही बाजूंनी सारखा होत नाही. जफर प्रसिद्ध, म्हणून मुअज्जमच्या जागी जफरचा फोटो लागतो, उलटं कधी होत नाही. नामदेव मोठे, म्हणून विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या खात्यात जाते. सर्चमध्येही तेच होतं: जास्त क्लिक ज्याला, तो वर. त्यामुळं नुकसान नेहमी कमी प्रसिद्ध माणसाचं होतं. नामदेवांना दुसऱ्याच्या ओळींची काय गरज होती? पण विष्णुदास नाम्याकडून त्याच्या ओळी गेल्या, तर त्याच्याकडं उरलं काय?

चौथा प्रश्न: गाव कोणतं?

आता अलीकडं येऊ, आपल्या आई-वडिलांच्या काळात.

लातूर जिल्ह्यानं राज्याला आणि देशाला दोन मोठे नेते दिले: शिवराज पाटील आणि शिवाजीराव पाटील. नुसतं ऐकलं तर एकच माणूस वाटेल. दोघं काँग्रेसचे, दोघं एकाच जिल्ह्याचे. मग लोकांनी काय केलं? गाव जोडलं. शिवराज पाटील चाकूरकर, शिवाजीराव पाटील निलंगेकर. झालं काम! निलंगेकर १९८५-८६ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. चाकूरकर लातूरचे सात वेळा खासदार, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष आणि २००४ ते २००८ केंद्रीय गृहमंत्री.

हा 'कर' प्रत्यय म्हणजे मराठी माणसाचं जुनं लोकेशन शेअरिंग आहे. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात वतनाची नावं. प्रत्येक गावाला पाटील असायचा, मग नुसतं 'पाटील' म्हणून कसं भागणार?

पण जिथं हा 'कर' लागला नाही तिथं घोटाळा पक्का. चव्हाण घ्या. यशवंतराव चव्हाण आणि शंकरराव चव्हाण. दोघं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. दोघं केंद्रात संरक्षणमंत्री. दोघं गृहमंत्री. दोघं अर्थमंत्री! एखाद्या जुन्या इंग्रजी बातमीत नुसतं 'गृहमंत्री चव्हाण' वाचलं तर काय समजायचं?

साल बघायचं. यशवंतराव साताऱ्याकडचे, जन्म १९१३, देवराष्ट्रे. १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री, १९६६ ते ७० गृहमंत्री. शंकरराव आपल्या नांदेडचे, जन्म १९२० चा पैठणचा. मुख्यमंत्री दोनदा: १९७५ ते ७७ आणि १९८६ ते ८८. दुसऱ्यांदा झाले ते निलंगेकरांच्या जागी, म्हणजे लातूरकडून खुर्ची नांदेडकडं आली. गृहमंत्री १९८५ च्या आसपास आणि पुन्हा १९९१ ते ९६. म्हणजे १९६९ ला काँग्रेस फुटली तेव्हाचे गृहमंत्री चव्हाण म्हणजे यशवंतराव, आणि डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पडली तेव्हाचे गृहमंत्री चव्हाण म्हणजे शंकरराव. श्रेय असो की टीका, योग्य माणसाच्या खात्यात जायला हवी ना?

इथंही तोच नियम. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला 'चव्हाण' म्हटलं की यशवंतराव आठवतात. मराठवाड्याच्या पाण्यासाठी, जायकवाडीसाठी झटणारे शंकरराव मागं पडतात.

आता तुमची पाळी

चार प्रश्न झाले. पदवी की नाव? कुणाचा, कोणत्या सालचा? मजकूर काळाला धरून आहे का? गाव कोणतं? आता ते एका नावावर लावून बघा: रामानंद.

नांदेडचं विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं आहे, १९९४ ला स्थापन झालेलं. परवा एका विद्यार्थ्यानं मला छाती ठोकून सांगितलं, "हे कबीराचे गुरू." थांबा! कबीराचे गुरू म्हणून परंपरेत ज्यांचं नाव येतं ते काशीचे रामानंद, काही शतकं आधीचे. आणखी एक आहेत स्वामी रामतीर्थ, पंजाबचे, १८७३ ते १९०६, गणिताचे प्राध्यापक होते, मग संन्यासी होऊन जपान-अमेरिकेत व्याख्यानं दिली.

आपले स्वामीजी वेगळे. पहिला प्रश्न लावा: 'तीर्थ' हे आडनाव नाही, संन्याशांच्या दहा नामांपैकी एक आहे. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. दुसरा प्रश्न: जन्म ३ ऑक्टोबर १९०३, निधन २२ जानेवारी १९७२. आणि काम? निजामाच्या राज्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व, तुरुंगवास, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालेला आपला मराठवाडा. आपण दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, ते ज्यांच्या लढ्यामुळं, त्यांनाच चुकून पाचशे वर्षं मागं काशीला पाठवायचं?

शेवटी पुन्हा त्या फोटोकडं येतो. आजोबांच्या मेसेजनंतर मी तो नीट पाहिला. राज्य गेलेला, कैदेत पडलेला एक म्हातारा. स्वतःच्या शहरातून हाकलला गेला, परत येता आलं नाही. तो नांदेडला आलाच नव्हता. त्याचं दुःख दिल्ली आणि रंगूनचं, आणि मी ते एका क्लिकमध्ये दुसऱ्याच्या गोष्टीला चिकटवलं होतं. म्हणून माफी आजोबांची मागायची, तुमची मागायची आणि थोडीशी त्याचीही.

गृहपाठ: तुमच्या गावात, तालुक्यात अशी सारख्या नावाची दोन माणसं होऊन गेली असतील तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि व्हॉइस मेसेज पाठवा. फक्त पाठवण्याआधी चार प्रश्न विचारून घ्या. आणि कव्हरवर फोटो मीच लावणार आहे, तेव्हा तोही तपासत जा!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.